साडूपेक्षा एक हजार जास्त

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं, की आम्हा नाटकवाल्यांना कळायचं, आज दुसऱ्या कुणाला तरी टाळी पडली आहे.

मास्तर म्हणजे आमच्या कंपनीचे शिंपी. राजाचा झगा, भिकाऱ्याच्या फाटक्या बाह्या, माझ्या साऱ्या राण्यांचे पायघोळ पोशाख, सगळं त्यांच्याच मशीनखालून गेलेलं. पडदा वर गेला की ते विंगेत उभे राहायचे. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या आणि कान प्रेक्षकांकडे. माझ्या प्रवेशाला टाळी पडली की अंक संपल्यावर हळूच येऊन विचारायचे, "बाई, ती टाळी झग्याला होती ना?" मी म्हणायचे, "अर्धी झग्याला, मास्तर." तेवढ्यावर त्यांचं भागत नसे. उरलेली अर्धी टोपवाला तर घेऊन गेला नाही, ही शंका त्यांना खात राहायची. टोपवाला म्हणजे आमचे केसांचे टोप बनवणारा गृहस्थ. अगदी गरीब गाय. जाहिरातीत त्याचं नाव मास्तरांच्या नावाच्या एक ओळ वर छापलं जाई, एवढाच काय तो त्याचा अपराध.

मी हे हसत सांगते, कारण मास्तरांच्या हेव्याने दुसऱ्या कुणाचं कधी वाकडं झालं नाही. त्यांचा स्वतःचाच घास तेवढा कडू व्हायचा. शिवाय त्या हेव्याने आम्हाला दिलंही पुष्कळ. टोपवाल्याची कुणी वाहवा केली, की पुढच्या प्रयोगाला माझ्या खांद्यावर अशी काही कॉलर उभी राहायची, की मान वळवली तरी राज्याभिषेक झाल्यासारखं वाटावं.

मग कंपनी बंद पडली. पडदे विकले गेले, खुर्च्या विकल्या गेल्या, माणसं पांगली. मास्तरांनी मी राहते त्याच इमारतीत तळमजल्यावर दुकान टाकलं. समोर मशीन, मागे इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून उंच आरसा आणि त्यामागे राहायच्या दोन खोल्या. आता टाळ्या नव्हत्या आणि टोपवालाही नव्हता. हेव्याला मात्र काहीतरी पाहिजेच. तो सगळा साडूंवर जाऊन बसला.

दोन बहिणींचे दोन नवरे, हे नातं मोठं चमत्कारिक. काही न करता माणूस रोज परीक्षेला बसलेला असतो आणि निकाल बायकोच्या माहेरी लागतो. मास्तरांचे साडू विमा कंपनीच्या ऑफिसात होते. गोरे, गुटगुटीत, बोलताना शर्टाच्या खिशाला हात लावायची सवय. त्यांच्याकडे फ्रीज आला, की मास्तरांना आपल्या माठातलं पाणी कोमट लागू लागे. त्यांनी न्हाणीघरात फरशा बसवल्या तेव्हा मास्तर आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, म्हणाले होते, पाय घसरून पडेल एखाद दिवशी. आणि जीभ चावून पुढचे दोन दिवस साडूंच्या तब्येतीची चौकशी करत राहिले. मन असं होतं त्यांचं.

दोन्ही घरांत मुलं एकाच वर्षी झाली. साडूंना मुलगा, मास्तरांना मुलगी. साडूंच्या मुलाला आधी दात आला, तर मास्तर आपल्या मुलीच्या हिरडीवरून बोट फिरवून बघत बसायचे. मुलीला पुढे दात आले आणि चांगलेच आले. बोलली की समोरच्याचे दोन तुकडे. म्हणून आम्ही सगळे तिला कात्री म्हणायचो. तिला स्वतःला त्या मुलाचा तिळमात्र हेवा नव्हता. दोघं एकमेकांचे पेन चोरत, एकमेकांच्या चहाड्या करत मोठी झाली. तिच्या वाट्याचा सगळा हेवा बापानेच करून टाकल्यामुळे तिला तो शिल्लकच राहिला नसावा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवत, एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. यांच्याकडे असलं की मलाही खालून हाक येई. अशाच एका रविवारी साडूंनी पहिला घास घ्यायच्या आधी खिशाला हात लावला आणि सांगितलं, चिरंजीवांना कॉलेजातूनच नोकरी लागली. मोठी सॉफ्टवेअर कंपनी, मोठं शहर. पॅकेज नऊ लाख.

'पॅकेज' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला आमचे जुने खलनायक आठवले. तेही शेवटच्या शब्दाआधी असंच थांबत. वहिनी मनापासून आनंदल्या. कात्रीने मावसभावाच्या पाठीत धपाटा घातला आणि पार्टी मागितली. मास्तर म्हणाले, "वा, वा, फारच छान." आणि पानातलं सगळं बाजूला सारून नुसतं पाणी प्यायले.

पुढच्याच आठवड्यात कात्रीला पत्र आलं. ती विजेचं शिक्षण घेत होती, शेवटचं वर्ष. तिचं कॉलेज साधंच. मोठ्या कंपन्यांच्या गाड्या त्याच्या फाटकाशी कधी थांबल्या नाहीत. पोरीने स्वतःच हिंडून अर्ज टाकले होते. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावून घेतलं, पाहिलं आणि कळवलं, पहिले सहा महिने शिकाऊ, महिना बावीस हजार. मग परीक्षा, पास झाली तर अठ्ठावीस. होकार शनिवारपर्यंत द्यायचा.

ती धावतच माझ्याकडे वर आली. मला लिफ्टमधलं एवढंच कळतं, की बटण दाबल्यावर ती दुसऱ्याच मजल्यावर असते. पण तिने मला खालचा खड्डा, वरची मशीनची खोली, दोर तुटला तर डबा कसा जागच्या जागी धरला जातो, हे सगळं माझ्या चहाच्या कपाला दोरी बांधून दाखवलं. पगाराचीही तिने आधीच चौकशी करून ठेवली होती. पुढे गेलेल्या पोरापोरींना फोन केले होते. कुणी अठरावर लागलं होतं, कुणी पंचवीसवर. वर्गातले निम्मे अजून कुठेच नव्हते. आधीच्या वर्षाचा एकजण मात्र चाळीस हजारांची वाट बघत वर्षभर घरी बसला होता आणि आता त्याला विचारायला कुणी येत नव्हतं. म्हणाली, "आजी, सुरुवातीला एवढाच असतो. पण या कामात हात बसला ना, की पगार चढतो. आणि हे मला आवडतं."

खाली मास्तर मात्र हिशोब करत बसले होते. बाविसाला बाराने गुणलं, अठ्ठावीसने गुणलं, दोन्हींची सरासरी काढली. कसंही केलं तरी आकडा साडूंच्या आकड्याच्या गुडघ्याला येत होता. त्यांनी मुलीला सांगितलं, होकार देऊ नकोस. पहिला भाव हा भाव नसतो. तिने सांगितलं, होकार माझा आहे, शनिवारी सकाळी देणार.

शुक्रवारी दुपारी मास्तर माझ्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. म्हणाले, पोरगी जिथे काम करणार ती जागा एकदा बघून येऊ, बापाचं मन आहे. तुम्ही बरोबर असलात तर मला धीर येईल. मला ते पटलं. मीही माझी निळी शाल काढली. बसमध्ये त्यांचे ओठ सारखे हलत होते. मला वाटलं, जुनं एखादं पद गुणगुणतायत.

ते ऑफिस एका लांबलचक गोदामाच्या तोंडाशी होतं. आत लिफ्टचे उघडे डबे रांगेत उभे, दारं नाहीत, छत नाही, जणू प्रयोग संपल्यावरचा सेट. ग्रीसचा वास. भिंतीवर पिवळी हेल्मेटं, एकेकावर मार्करने नाव. काचेच्या खोलीत सर्व्हिस मॅनेजर बसल्या होत्या. पन्नाशीच्या बाई, आखूड केस, नखांत काळं. आम्ही कुणाचे कोण हे सांगितल्यावर त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

आणि मास्तरांनी सुरू केलं. तेव्हा मला कळलं, बसमध्ये ओठ का हलत होते. बाप जागा बघायला आलाच नव्हता, तो भाव करायला आला होता. दुकानात त्यांची एक ठरलेली रीत होती. गिऱ्हाईक नेहमी कमीच बोलणार, आपण चढं सांगायचं, थोडं रडायचं, थोडं रुसायचं, कापडाची तारीफ करायची आणि मधे कुठेतरी दोघांनी खूश व्हायचं. कंपनीचे बावीस हजार त्यांनी गिऱ्हाइकाचं पहिलं बोलणं म्हणून धरले होते. ते मुलीची तारीफ करू लागले. माल अस्सल आहे, कुठे ताणलं तरी फाटणार नाही, धुतल्यावर आटणार नाही. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"मग तुमची अपेक्षा काय आहे?" बाईंनी विचारलं.

"वर्षाला नऊ लाख एक हजार."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "नऊ लाख समजले. वरचे एक हजार कशाचे?"

रंगभूमीवर वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो, तसे मास्तर माझ्याकडे बघू लागले. शेवटी ते खाली मान घालून म्हणाले, "माझ्या साडूच्या मुलाला नऊ आहेत."

मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ सांगितलं, की पहिले सहा महिने नवीन मुलीने विजेरी धरायची, दारापाशी फळी लावून लोकांना थांबवायचं आणि कशालाही हात लावायचा नाही, त्याचे आम्ही बावीस देतो. एकट्याने लिफ्ट तपासून सही करायला तिला तीन वर्षं लागतील, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस मिळतील. मी स्वतः अशीच चढले. सॉफ्टवेअरचा बाजार वेगळा, आमचा वेगळा, त्यांच्या भावाने आमच्याकडे कुणाला पगार मिळत नाही. एवढं झाल्यावर त्यांचा आवाज बदलला.

"तुम्हाला मुलीने पाठवलंय का?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"मग माझी अडचण समजून घ्या. ही मुलगी उद्या एखाद्या इमारतीत एकटी जाईल. लिफ्ट बंद, लोक चिडलेले, सेक्रेटरी अंगावर येणार. तिथे तिने स्वतः बोलायला हवं. तिच्यासाठी बोलायला वडील येत असतील, तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी का, याचा मला विचार करावा लागेल."

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले. दोन थांबे गेल्यावर म्हणाले, "बाई, पोरीची जागा गेली का हो माझ्यामुळे?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, गेली नसेल तर जायच्या बेतात आहे, आणि घरी गेल्या गेल्या तिला सांगा. उद्या तिथे जाऊन तिला कळलं तर तिच्या पायाखालची जमीन सरकेल. त्यांना सांगायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं, बाईंना उद्या सकाळी परत भेटून माफी मागू, आकडा मागे घेऊ. मी म्हटलं, मास्तर, तुमची एन्ट्री संपली. आता विंगेत उभे राहा.

सांगितलं त्यांनी. मी साक्षीला होते. कात्री इस्त्रीच्या टेबलावर ताट ठेवून जेवत होती. मास्तर उभ्याउभ्याच बोलले. बस, गोदाम, बाई, सगळं. एक हजाराचंही सांगितलं, तेवढा प्रामाणिकपणा माणसात होता. वहिनींनी कपाळाला हात लावला. आता पोरगी ओरडणार म्हणून मी दार लोटून घेतलं. ती ओरडली नाही. ताट बाजूला सारलं, हात धुतला, पुसला.

"बाबा," ती म्हणाली, "कुणाच्या अंगावर माप घेतलंत माझं?"

चाळीस वर्षं मी मोठमोठी स्वगतं ऐकली आणि म्हटली. एवढ्याशा वाक्याने माणूस असा बसताना पाहिला नव्हता. मास्तर मशीनच्या स्टुलावर बसले आणि उगाचच चाक फिरवत राहिले. सुईत दोराही नव्हता.

शनिवारी सकाळी ती निघाली. मास्तर मागोमाग. तिने त्यांना गोदामाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उभं केलं आणि सांगितलं, इथून एक पाऊल पुढे टाकलंत तर नोकरी मिळाली तरी मी घेणार नाही. तिथे त्यांनी ऊन खात तासभर काढला. आत काय झालं ते कात्रीने मला नंतर ऐकवलं. बाईंनी विचारलं होतं, वडील पुन्हा आले तर? ही म्हणाली, "तर मी त्यांना विजेरी धरायला लावीन." बाई तेव्हा हसल्या. मग अर्धा तास त्यांनी हिला लिफ्टच्या उघड्या डब्यात उभं करून उलटसुलट प्रश्न विचारले आणि शेवटी होकार लिहून घेतला. बावीसच हजारांवर. तिनेही वर काही मागितलं नाही. एवढंच विचारलं, परीक्षेला काय काय येतं.

कोपऱ्यावर मास्तरांना तिने मान हलवून सांगितलं, मिळाली. ते रडले म्हणे. मला मात्र येऊन सांगितलं, ऊन फार होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

इथे हेवा संपला असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही मास्तरांना ओळखलं नाही.

महिनाअखेरचा रविवार साडूंकडे होता. या वेळी मी नव्हते. सोमवारी मास्तरांनी वर येऊन सगळा प्रवेश मला करून दाखवला. साडूंचा आवाज, खिशाला हात, सगळं हुबेहूब. जेवताना कात्रीने मावसभावाला सहज विचारलं, की तुझ्या हातात महिन्याला किती येणार? आणि पोरगा भाबडेपणाने सांगून मोकळा झाला. नऊ लाखांतले दीड लाख, दोन वर्षं टिकला तर. एक लाख, कंपनीला नफा झाला तर. काही विम्यात, काही म्हातारपणासाठी कापून. हातात अठ्ठेचाळीस हजार, त्यातून त्या महागड्या शहरात घरभाडं, खाणं, जाणंयेणं. साडूंनी त्याला दोनदा खाकरून थांबवायचा प्रयत्न केला.

"बाई, काय सांगू," मास्तर म्हणाले, "मला असं वाटलं की उठून नाचावं." पण तो आनंद एका घासापुरताच टिकला. लगेच त्यांच्या डोक्यात हिशोब झाला, की अठ्ठेचाळीस म्हणजे बाविसाच्या दुपटीहूनही जास्त. पुन्हा पोटात दुखायला लागलं. आणि नेमकं तेव्हाच साडूंनी विचारलं, "आणि आमच्या भाचीला किती?"

मास्तरांनी माझ्यासमोर कबूल केलं, की जिभेवर पंचावन्न आलं होतं. पंचावन्न म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण समोर कात्री बसली होती. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, मावशीशी बोलत होती. मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "बावीस. सहा महिन्यांनी परीक्षा आहे. पास झाली तर अठ्ठावीस." आवाज चिरका आला म्हणे, पण आला.

मी टाळी वाजवली, एकटीने. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना वेगळंच काहीतरी सलत होतं. साडू त्यावर काही टोमणा मारतील म्हणून ते तयारीत बसले होते. साडूंनी टोमणा मारला नाही. विचारलं, म्हणजे ती इथेच राहणार? रोज घरी येणार? मास्तर हो म्हणाले. मुलगा गुरुवारी जायचा होता, त्याच्या बॅगा दारातच भरून ठेवल्या होत्या. साडू कात्रीकडे बघत राहिले, मग मास्तरांकडे. आणि पानातलं तसंच ठेवून उठले.

"बाई, तो असा का बघत होता माझ्याकडे?"

मी म्हटलं, "मास्तर, हेवा करत होते तुमचा."

त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. माझा? माझ्याकडे काय आहे हेवा करण्यासारखं, एक मशीन आणि एक आरसा. मग हसू थांबलं. जिना उतरू लागले, चार पायऱ्यांवरून परत आले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. माझ्या राण्यांच्या टाळ्यांचा हिशोब विचारताना असायचा तोच चेहरा.

"पण बाई," म्हणाले, "नक्की कशाचा? ते तरी नीट सांगा ना."